ओट्याचे पैसे आणि तीन फर्मे

नौपाडा, ठाणे
२ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा तीनदा "हां हां, बरं बरं" म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं की काही ऐकू आलेलं नाही. म्हणून कागद घेतला. शिवाय यात एक कबुली आहे. ती आधी आईने वाचावी आणि बाबांचा चहा झाल्यावर त्यांना सांगावी.

आई, गेल्या वर्षी गणपतीत तू ओटा नवीन करायला वीस हजार दिलेस. दर फोनला विचारतेस, "झाला का गं ओटा?" आणि मी म्हणते, गवंडी मिळत नाही. गवंडी मिळतो. ओटा जुनाच आहे, कोपऱ्यातला कडाप्पा तडकलेला, त्यावर मी दुधाचं पातेलं ठेवते म्हणजे तडा दिसत नाही. त्या वीसातले सतरा हजार मी वागळे इस्टेटच्या एका छापखान्यात दिले. शिमग्याला आले तेव्हा बाबांना एका दिवसाच्या सहलींची जी पिवळी पुस्तिका दाखवली आणि "ऑफिसातल्या मैत्रिणींनी मिळून काढली" म्हणून सांगितलं, ती एकटीने काढली होती. मैत्रिणींनी फक्त विकत घेतली. त्यातही दोघींनी फुकट मागितली.

आता सगळं सांगते.

पुस्तिका पोस्टकार्डापेक्षा जरा मोठी, शर्टाच्या खिशात मावेल एवढी. अठ्ठेचाळीस पानं. मला पन्नास हवी होती, छापखानेवाले म्हणाले, "ताई, सोळा पानांचा एक फर्मा. तीन फर्मे म्हणजे ४८, चार म्हणजे ६४. तुमच्या दोन पानांसाठी मी वेगळा कागद फाडू का?" तेव्हा दोन पानं कापली. त्यांत माझी प्रस्तावना होती, तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. मधोमध दोन पिना, वर जाड कव्हर, १००० प्रती, प्रतीमागे १७ रुपये खर्च. किंमत ४० ठेवली. दुकानदार पस्तीस टक्के कमिशन घेतो, म्हणजे १४ गेले, उरले २६, त्यातून छपाईचे १७ वजा. हातात नऊ. आई, तू हिशेबाची पक्की आहेस, म्हणून तुझ्यासाठी हे आकडे लिहिले. हजारच्या हजार विकल्या तरी नऊ हजार, आणि त्यासाठी किती रविवार गेले ते तुमच्या जावयांना विचारू नका.

जावई म्हणतात, मोबाईलवर सगळं फुकट मिळतं, पुस्तक कोण घेणार? खरं आहे, सगळं मिळतं. त्यात खोपोलीचा धबधबा बघायला गेलेल्या चारशे माणसांची मतं मिळतात, आणि कुणाला आवडला, कुणाला गर्दी वाटली, हे वाचता वाचता निघायची वेळ होते. आमच्या खालच्या मजल्यावर एक जोडपं आहे. तो सोसायटीचा वॉचमन, ती दोन घरी पोळ्या करते. महिन्यातून एकच रविवार दोघांना एकत्र मिळतो. त्यांचे प्रश्न साधे असतात. कुठे जावं, किती लागतील, परत यायला गाडी किती वाजता, आणि तिथे बाईमाणसाची सोय आहे का. चार प्रश्न, चार ओळी उत्तर. तेवढंच छापायचं ठरवलं. ठाण्याहून सकाळी निघून रात्री घरी येता येईल अशा बारा जागा. अंबरनाथचं शिवमंदिर, वसईचा किल्ला, टिटवाळा, माहुली, कर्नाळा, घारापुरी, माथेरान अशा.

अंबरनाथवर मी सगळ्यात जास्त खूश आहे. स्टेशनपासून चालत अर्ध्या तासात पोचतो, आणि मंदिर शिलाहारांच्या काळातलं, इ.स. १०६० चं. लोकलने शेजारून जाणारी लाखो माणसं खिडकीतून नुसती पाटी वाचतात आणि पुढे जातात. मी पण अकरा वर्षं तेच केलं. गाभाऱ्यात खाली उतरून जावं लागतं. पायऱ्या उंच आहेत, ते लिहिलं. हे असलं कुणी लिहीत नाही, आणि गुडघे दुखणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

(बाबा, तुम्हाला गंमत वाटेल. जर्मनीत दोनशे वर्षांपूर्वी प्रवासाची पुस्तकं काढणारा एक प्रकाशक होता, त्याचं नाव कार्ल बेडेकर. आपल्यातले नव्हेत, लोणच्याचेही नव्हेत. मिलानच्या मोठ्या चर्चवर चढताना तो वीस पायऱ्या झाल्या की एक वाटाणा एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकायचा, म्हणजे मोजणी चुकू नये, असं सांगतात. मी घारापुरीला तसंच केलं, फक्त शेंगदाणे घेतले. निम्म्यात नातीने खाऊन टाकले. तरी १२० च्या आसपास भरल्या.)

छापली डिसेंबरात. आणि २५ जानेवारीला एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. माझ्याकडे तेव्हा साडेसहाशे प्रती पडून होत्या आणि प्रत्येकीत अकरा ठिकाणी एसटीचं भाडं रुपयांत छापलेलं. रात्रभर झोप नाही. शेवटी एक चिठ्ठी छापून घेतली, "एसटीच्या भाड्यात शंभरामागे पंधरा रुपये जास्त धरावेत," आणि आम्ही मायलेकींनी खळ शिजवून साडेसहाशे चिठ्ठ्या डकवल्या. त्याच ओट्यावर.

पण त्याहून वाईट फेब्रुवारीत झालं. शेवटच्या पानावर माझा नंबर आहे. एका रविवारी रात्री पावणेनऊला फोन. दोन मुली, कॉलेजातल्या, माहुलीहून उतरल्या होत्या. पुस्तिकेत लिहिलं होतं की पायथ्याच्या गावातून आसनगाव स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा मिळते, रात्री आठपर्यंत. सातलाच कुणी नव्हतं. पाचेक किलोमीटर अंधारात चालत आल्या, एकीच्या चपलेचा अंगठा तुटलेला. भांडायला फोन नव्हता केला. "मॅडम, एवढं दुरुस्त करा," एवढंच म्हणाली. ते जास्त लागलं. आठची वेळ मी एका चहावाल्याला विचारून लिहिली होती. तो बिचारा खोटं बोलला नव्हता, सुट्टीच्या दिवशी असतात रिक्षा रात्रीपर्यंत, कधीकधी. मी स्वतः दुपारी तीनच्या रिक्षाने परतले होते.

हे सगळं डोक्यात घेऊन शिमग्याला आले होते, म्हणून तेव्हा गप्प होते. तुम्हाला वाटलं सासरी काही झालं.

बाबा, तुम्ही पडवीत बसून चष्मा लावून ती पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलीत. मला वाटलं कौतुक कराल. तुम्ही पुस्तिका मिटलीत आणि विचारलंत, "भाडं कशाला लिहिलंस? टप्पे लिहायचे." एकतीस वर्षं तुम्ही कंडक्टरकी केलीत. लहानपणी तुमच्या तिकिटांच्या ट्रेमधले रंग ओळखणं हा माझा खेळ होता, आणि सहा किलोमीटरचा एक टप्पा हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. तरी ते सुचलं नाही. भाडं दर काही वर्षांनी बदलतं, पनवेल ते कर्नाळा हे अंतर काही बदलत नाही. आता नव्या आवृत्तीत प्रत्येक गाडीपुढे टप्प्यांचा आकडा आहे, आणि पहिल्या पानावर एकच कोरी चौकट: आजचा टप्प्याचा दर इथे पेन्सिलीने लिहा. भाडं वाढलं की खोडरबर. वॉचमनच्या बायकोला पाच मिनिटांत समजलं. तिला अर्धं तिकीट लागतं, तेही तिने लगेच भागून दाखवलं.

दुसरं तुम्ही म्हणालात, वेळेबरोबर गाडी कुठल्या डेपोची ते लिही, म्हणजे माणूस योग्य ठिकाणी चौकशी करेल. आणि मुक्कामी गाडी कुठली ते वेगळ्या खुणेने दाखव. मला याचं महत्त्व अलिबागकडे फिरताना कळलं. जी गाडी संध्याकाळी गावात जाऊन रात्री तिथेच राहते, तीच पहाटे पहिली बाहेर पडते. आडगावात एक रात्र राहायचं तर त्या एका गाडीवर सगळा बेत उभा असतो. हे कुठल्याही फलकावर लिहिलेलं नसतं, ड्रायव्हर-कंडक्टरांना आणि गावाला तेवढं ठाऊक असतं. आणि तिसरं, शेवटची गाडी स्वतःच्या डोळ्यांनी जाताना बघायची आणि मगच लिहायची. मे महिन्यात मी पुन्हा माहुलीला गेले आणि पायथ्याशी रिक्षा संपेपर्यंत बसून राहिले. सहा चाळीस. तेच छापलंय, "साडेसहाच्या आत खाली या."

आई, आता तुझं.

तू प्रवासात पाणी पीत नाहीस. चिपळूण ते ठाणे, अख्खा दिवस, ओठ ओले करण्यापुरतं एक घोट. आम्ही पोरं हसायचो. मागच्या वर्षी तुला मूत्रमार्गाचा त्रास झाला तेव्हा डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं आणि तू माझ्याकडे बघितलंस, जसं काही मी चोरी पकडली. त्या दिवसापासून प्रत्येक थांब्यावर मी आधी तिकडे जाते. दार लागतं का, कडी आहे का, पाणी आहे का, दिवा आहे का. चारही असलं की पुस्तिकेत एक छोटा लोटा छापते. तीन असलं की अर्धा लोटा. बाकी काही नाही. बारा जागांत सहा लोटे आणि दोन अर्धे भरले. छापखानेवाल्यांनी विचारलं, "हे काय, पिण्याचं पाणी का?" मी सांगितलं, तर गप्प झाले, मग म्हणाले, "माझ्या आईसाठी एक प्रत बाजूला ठेवतो."

विक्री सर्वात जास्त कशामुळे झाली सांगू? या लोट्यामुळे. गावदेवी मार्केटजवळचा वर्तमानपत्रवाला, ज्याच्याकडे वीस प्रती ठेवल्या होत्या, त्याने ऑगस्टात आणखी शंभर मागवल्या. त्याच्याकडे बायका येऊन विचारतात, "ते लोट्याचं पुस्तक आहे का?" एसटीत महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून, मार्च २०२३ पासून, मी खोपटच्या स्टँडवर पाहते आहे. पाच-सहा जणींचे घोळके, पिशवीत पोळीभाजी, नवरे घरी. पंचाहत्तरी उलटलेल्यांना तर तिकीटच नाही. या माणसांना महागडी जाडजूड इंग्रजी पुस्तकं काय कामाची? पहिली हजार संपली. दुसरी, पनवेल-उरणकडची, सप्टेंबरात काढली, त्यात नेरुळहून उरणची लोकल आहे. जानेवारी २०२४ पासून ती उरणपर्यंत जाते, तरी निम्म्या लोकांना अजून बसच माहीत आहे.

ओट्याचे सतरा हजार पूर्ण सुटलेत. पण ते पुन्हा तिसऱ्या पुस्तिकेत घातलेत. रागावू नकोस.

तिसरी आपली. दिव्याहून पॅसेंजरने चिपळूण, आणि तिथून एसटीने तीन दिवस. परशुराम, गोवळकोट, गुहागर, हेदवी, वेळणेश्वर. मग धोपाव्याहून दाभोळला जाणारी फेरी. ती पकडली की गुहागरहून दापोलीकडे जायला चिपळूण-खेडचा वळसा वाचतो. राहण्याची पानं मी लिहिलीत, घरगुती खोल्या, स्वतः एकेक रात्र राहून. गाड्यांचं पान मात्र माझ्याकडून होत नाहीये. गुहागर डेपोच्या गाड्या मी तीनदा लिहिल्या, तीनदा वेगळ्या आल्या. तुम्ही त्या मार्गावर बारा वर्षं होतात.

सोबत प्रूफं पाठवते आहे. समोरचा मुलगा उद्या चिपळूणला जातोय, त्याच्याकडे पाकीट देते. बाबा, लाल पेन वापरा, पेन्सिल छापखान्यात दिसत नाही. २२ ते २७ ही पानं तुमची. मुक्कामी गाड्यांच्या जागी मी फुल्या मारून ठेवल्यात. डेपोत तुमच्या वेळचं कुणी असेल तर त्यांनाही विचारा, पण ऐकीव असेल तिथे पानाच्या कडेला "ऐकीव" लिहा, मी जाऊन बघेन. दुरुस्त केलेली पानं वीस तारखेपर्यंत मिळाली तर नाताळच्या सुट्टीआधी छापून होईल.

आई, गुहागरच्या स्टँडवर आणि व्याडेश्वराच्या देवळाजवळ लोट्याची जागा मोकळी सोडली आहे. बाबा गेले तर तू पण जा. दार, कडी, पाणी, दिवा. आणि जाताना पाण्याची बाटली घे.

तुमची थोरली

ता. क. नात म्हणते, हेदवीच्या पानावर तिने काढलेला समुद्र छापायचा. त्यात तीन गलबतं आहेत आणि तिन्हींना चाकं आहेत. मी हो म्हटलंय.