खालच्या मजल्यावर पोळ्यांना येणाऱ्या मावशींस

मावशी,

सप्रेम नमस्कार. तुम्हाला मावशी म्हणतो खरा, पण तुम्ही माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असाल. माझं वय ६१. आषाढात हिचं उजवं मनगट मोडलं, ६ आठवड्यांचं प्लास्टर आलं. तोवर मला चहापलीकडे काही येत नव्हतं, आणि त्याचीही पावडर हीच मोजून ठेवायची.

शिकायचा प्रयत्न केला नाही असं नाही. निवृत्त झाल्यावर ‘खास पुरुषांसाठी’ असलेल्या एका क्लासला ४,००० रुपये भरले होते. बाईंनी चार रविवार पनीर आणि पास्ता करून दाखवला. सुरीला हात लावू दिला नाही, प्रमाणपत्र मात्र दिलं. बहिणीला फोन केला तर ‘अरे, अंदाजानं घालायचं, त्यात विचारायचं काय!’ म्हणून हसत सुटली. अंदाज असता तर फोन कशाला केला असता?

त्या मंगळवारी तिसऱ्यांदा फोडणी जळली. वास खालपर्यंत गेला आणि तुम्ही वर आलात, बोटांना कणीक तशीच. आता ‘सरा बाजूला’ म्हणणार, असं मला वाटलं. सगळे तेच म्हणतात. तुम्ही म्हणालात, “काका, परत करा. मी नुसती बघते.”

बघता बघता तुमच्या लक्षात आलं, की मला गॅस बारीकच करता येत नाही. जाळ कमी करायचा तर बटण मागे फिरवायचं, नळासारखं, अशी माझी समजूत. तसं केलं की गॅस विझायचा, म्हणून घाबरून सगळं मोठ्या जाळावरच चाललं होतं. बटण पुढेच न्यायचं, मोठ्याच्या पलीकडे बारीक असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एवढंही सांगावं लागतं, हेच कुणाला सुचलं नसणार.

तुम्ही हसला नाहीत. हात पुसलेत, पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलंत आणि एक मरून टिकली शेगडीवर बटणाशेजारी चिकटवलीत. “बटणाचं टोक हिच्यासमोर आलं की थांबायचं. मोहरी तडतडली की इथं आणा. मग जिरं, हिंग. हळद शेवटी, ती लगेच करपते.”

त्या दिवशी वरण पिवळं झालं. हिनं डाव्या हातानं दोनदा वाढून घेतलं.

पुढे भाताला बोटाचं एक पेर पाणी, भाकरीच्या पिठाला उकळतं पाणी, असं जाता-येता सांगत गेलात. पैशांचं काढलं तर रागावलात. चार घरच्या पोळ्या लाटून पाचव्या घरी उभं राहायचं, तेही गप्प राहून बघायला! मी ३६ वर्षं नोकरी केली. नवीन पोरगं अडखळलं की ‘दे इकडे, तुला वेळ लागेल’ म्हणून फाईल ओढून घ्यायचो. क्लासच्या बाईंना नावं ठेवताना हे आठवतं आणि जीभ जरा आखडते.

परवा ओटा घासताना टिकली निघाली. ही म्हणाली, “आता कशाला लागते तुम्हाला?” लागत नाही खरं तर. तरी रविवारी जेवायला याल तेव्हा पाकीट आणा. वरण-भात आणि बटाट्याची भाजी करतोय. भाकरी अजून उलटताना तुटते, तेवढी चालवून घ्या.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा काका