गोळीनंतर काय खाल्लंस?

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन ठेवून दिलास, म्हणून लिहायला बसले. मराठी शाळेत शिकलीस तेवढ्यावर वाचता येईल. अडलं तर बाबांना विचार, माझ्याशी बोलायचं नसेल तर.

बर्लिनच्या यू-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, जिन्यात चक्कर आली हे तू इतक्या दिवसांनी सांगतेस, तेही हसत हसत. कोण्या बाईने धरलं म्हणून, तिचं भलं होवो. थायरॉइडच्या गोळीनंतर काही खाल्लं होतंस का, एवढंच तर मी विचारलं! त्यावर तू पार्सलवर घसरलीस. "आई, मला घरची आठवण येते तेव्हा पोहे नाही आठवत. डायनरमधले पॅनकेक आठवतात."

लागलं मला. भाजणी घरी दळून, कस्टम्सचा फॉर्म भरून पाठवली होती गं. मग रात्री बाबा म्हणाले, तिचं घर इथलं, अमेरिकेतलं एडिसन, तुझं मिरज, ती काय चूक बोलली? खरंच आहे. शनिवारी शाळा सुटली की तू "अ ते ज्ञ झालं, आता पॅनकेक" म्हणत गाडीत बसायचीस. त्या सिरपच्या भांड्याचं झाकण नेहमी चिकटलेलं, तू ते दातांनी उघडायचीस आणि मी ओरडायचे. बाबांचे होम फ्राइज, म्हणजे परतलेले बटाटे, आले की मी पर्समधून लसणीच्या चटणीची डबी काढायची. वेट्रेस न विचारता बाबांची कॉफी भरून जायची. तुझ्या मावशीला अजून पटत नाही की आम्ही पोरीला सकाळी सकाळी केक खायला घालायचो.

बर्लिनमध्ये मेपल सिरप मिळतं पण "तसं लागत नाही" म्हणालीस. कसं लागेल? डायनरमध्ये बहुतेक मक्याचं सिरप असतं, वरून मेपलचा वास आणि रंग घातलेलं. तिथे तुला झाडाचं खरं मिळतंय आणि तुझी जीभ खोट्याला सोकावलेली! तेच घे, दुसऱ्या बाटलीपर्यंत आवडायला लागेल.

आणि अंडी दुकानात फ्रीजबाहेर असतात म्हणून तू घेत नाहीस, हे काय खूळ? अमेरिकेत अंडी धुतात, त्यावरचं नैसर्गिक आवरण जातं, म्हणून ती थंड ठेवावीच लागतात. युरोपात विकायची अंडी धूत नाहीत. मिरजेला आमच्या वाण्याकडे तारेच्या टोपलीत टांगलेली असायची. खा निर्धास्त.

पॅनकेकला तिथला 405 किंवा 550 नंबरचा मैदा चालेल. आपला एक कप म्हणजे साधारण 125 ग्रॅम धर, तिथे सगळं वजनावर. बेकिंग पावडरची पुडी अख्खी ओतू नकोस, ती अर्धा किलो पिठाची असते. बटरमिल्क तर तिथे जागोजागी मिळतं, इथल्यापेक्षा सहज. त्यात चिमूटभर सोडा, तिथे नाट्रोन म्हणतात. पीठ फार घोटू नकोस, गुठळ्या राहिल्या तर राहू देत. वर बुडबुडे येऊन फुटले की उलट. हॅश ब्राउनला पिठूळ बटाटा घे, किसून फडक्यात पिळ, पार कोरडा होईपर्यंत. नाहीतर त्याचा लगदा होतो. फ्रीजरमधले तयार रोश्टी आणलेस तरी मी काही बोलणार नाही.

पण गोळी पाण्यासोबत, उपाशीपोटी, आणि मग अर्धा-पाऊण तास थांबायचं. तुझा घोळ तिथेच होतो, मला माहीत आहे. थांबण्याच्या वेळात तू आवरतेस, घड्याळ बघतेस, आणि ट्रेन पकडायला पळतेस. पोटात काय, तर लॅबमधली काळी कॉफी. रात्री दोन पॅनकेक करून ठेव, सकाळी टोस्टरमध्ये टाक. कॅल्शियमची गोळी मात्र चार तासांनी, आधी नाही. डॉक्टरांनी सांगितलंय ना? बघ, पुन्हा सुरू झाले मी. रागावू नकोस. इथे मंडळात सगळ्यांना सांगत सुटते की माझी लेक बर्लिनच्या लॅबमध्ये आहे, आणि घरी आले की डोळ्यांसमोर तो जिना येतो.

रविवारी तिथे दुकानं बंद, तेव्हा बटरमिल्क शनिवारीच आणून ठेव. या आठवड्यात थायरॉइडची टीएसएच रक्ततपासणी करून घे, रिपोर्ट बाबांना पाठवलास तरी चालेल. आणि भाजणी फेकू नकोस. वरच्या मजल्यावर तो नागपूरचा मुलगा राहतो ना, त्याला दे. तो तरी सकाळी काही खाऊन बाहेर पडतो का, विचार.

तुझी,
आई