बाबांची गोळी आणि लोणचं

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "टेल्मिसार्टन रोज घेतो ना, मग लोणच्याची एक फोड खाल्ली तर काय बिघडलं?" आईचा पारा आधीच चढला होता, म्हणून मी गप्प बसले. पण हा प्रश्न उंदरांना विचारून झालेला आहे.

तुमची ही बीपीची गोळी, बीपी चढवणाऱ्या अँजिओटेन्सिन या हार्मोनचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवर ते जिथे चिकटतं ती जागा, अडवते. १९९५ साली अमेरिकेत त्या रिसेप्टरचा जीनच काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. त्या गटात ऑलिव्हर स्मिथीज होते. जीन बदलण्याच्या याच तंत्रासाठी त्यांना २००७ चं नोबेल विभागून मिळालं. या उंदरांचं वरचं बीपी साधारण २४ ने कमी भरलं.

पण हा रिसेप्टर रक्तवाहिन्यांत, हृदयात, मेंदूतही असतो. बीपी नेमका कुठला चढवतो? ड्यूक विद्यापीठातल्या थॉमस कॉफमन यांच्या गटाने चक्क रिसेप्टर असलेल्या आणि नसलेल्या उंदरांच्या किडन्यांची अदलाबदल केली. घेवड्याच्या दाण्याएवढी किडनी, तिच्या केसासारख्या रक्तवाहिन्या जोडायच्या! (मला अजून सुईत दोरा ओवता येत नाही, आई, हसू नकोस.) काही उंदरांत रिसेप्टर फक्त किडनीत उरला, काहींत किडनी सोडून बाकी सगळीकडे. मग सगळ्यांना अनेक दिवस अँजिओटेन्सिन दिलं. किडनीत रिसेप्टर असलेल्यांचं बीपी चढलं आणि हृदयही जाड झालं, जरी त्यांच्या हृदयात तो रिसेप्टर नव्हताच! किडनीत तो नसलेले मात्र या दोन्हींतून बरेचसे वाचले. कारण किडनीतला हा रिसेप्टर मीठ लघवीतून जाऊ देत नाही, आणि मिठामागून पाणी थांबतं.

आता लोणच्याकडे येते. साध्या उंदराला मीठ कमी-जास्त दिलं तरी त्याचं बीपी फारसं हलत नाही. हे हार्मोन कमी-जास्त होऊन सांभाळून घेतं. रिसेप्टर नसलेल्या उंदरांचं तसं होत नाही. मीठ वाढवलं की बीपी वर, कमी केलं की खाली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि गोळी रिसेप्टर पूर्ण बंदही करत नाही, हे मान्य. पण माणसांतही मीठ कमी केलं की या गोळ्या जास्त चांगल्या लागू पडतात. तेव्हा गोळी चालू आहे म्हणून लोणचं, हा हिशोब उलटा आहे.

आई, तुझ्यासाठी एक. तू ते 'लो सोडियम' मीठ आणलंस ना, ते बाबांच्या जेवणात घालू नकोस. त्यात पोटॅशियम असतं, आणि ही गोळी पोटॅशियम शरीरातून बाहेर जाणं कमी करते. आपलं नेहमीचंच मीठ वापर, फक्त कमी. आणि बाबा, गुडघा दुखला की परस्पर पेनकिलर घेऊ नका, या गोळीबरोबर किडनीला ते जड जातं. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते त्यावरून कळतं) आणि पोटॅशियमचा रिपोर्ट आला की आधी डॉक्टरांना दाखवा, मग मला व्हॉट्सॲप करा.

तुमची,
मनू