गरब्याच्या फोटोंसाठी मुदत ठेव मोडू नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घटस्थापना महिन्यावर आली की माझ्याकडे तरुण मुलामुलींचे एकाच प्रश्नासाठी फोन सुरू होतात : गरब्याचे फोटो काढायचे आहेत, लेन्स कोणती घेऊ? मी व्यवसायाने छायाचित्रकार नव्हे. नोकरी सांभाळून तीस वर्षे हा छंद जोपासला, पगारातून जे उरे त्यातच लेन्स घ्याव्या लागल्या, आणि त्यामुळे कमी पैशांत चांगली लेन्स कशी पारखावी एवढे मात्र शिकलो. यंदा बडोद्याच्या रावपुऱ्यातील एका परिचित कुटुंबाने मुलाच्या लेन्ससाठी मुदत ठेव मोडायची तयारी केलेली पाहिली, तेव्हा हे पत्र लिहायचे ठरवले. त्या मुलाला कोणीतरी सांगितले होते की एफ/२.८ ची (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून येणारा प्रकाश अधिक) मोठी झूम लेन्स असल्याशिवाय रात्रीचा गरबा टिपताच येत नाही. कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीचीच अशी लेन्स नवी घ्यायची म्हटली तर किंमत लाखाच्या पुढे जाते. त्याच्याजवळ आहे तो साधा डीएसएलआर कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स (मिमीचा आकडा जितका मोठा तितके दृश्य जवळचे आणि अरुंद).

किट लेन्सची अडचण खरी आहे. ५५ मिमीवर तिचे प्रकाश आत घेणारे छिद्र म्हणजेच अ‍ॅपर्चर एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही, त्यामुळे मैदानातील दिव्यांच्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता) बराच वाढवूनही शटर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, १/६० सेकंदाच्या आसपास अडकते, आणि टाळी देऊन गिरकी घेणारी व्यक्ती स्पष्ट यायची तर निदान १/२५० हवे. पण या अडचणीवरचा उपाय लाखाचा नाही, हे साध्या गणिताने दाखवता येते. लेन्समधून येणारा प्रकाश अ‍ॅपर्चरच्या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केला की सुमारे ९.७ येतात, म्हणजे एफ/१.८ ची ५० मिमी लेन्स किट लेन्सच्या नऊपटींहून अधिक प्रकाश घेते आणि १/६० चे शटर १/५०० पर्यंत नेता येते. एफ/२.८ ची ती महागडी झूम चौपट प्रकाश घेते. ज्या प्रकाशासाठी मुदत ठेव मोडली जाणार होती, त्याच बाबतीत कितीतरी कमी किमतीत मिळणारी ही छोटी लेन्स तिच्याहून सरस आहे. महागड्या झूमचे गुण निराळे आहेत : जागचे न हलता चौकट बदलता येते, बांधणी भक्कम असते, आणि लग्नसराईत रोज काम करणाऱ्याला ते गुण पैसे मिळवून देतात. हौसेने चार रात्री फोटो काढणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांची गरज नाही.

येथे दोन सूचना देतो, कारण या ठिकाणी बहुतेकांची निराशा होते. एफ/१.८ वर स्पष्ट दिसणारा पट्टा इतका अरुंद असतो की जवळून काढलेल्या फोटोत डोळे स्पष्ट येतात आणि कान धूसर होतात. म्हणून उजेड पुरत असेल तर मी एफ/२.२ किंवा एफ/२.५ ठेवतो. दुसरे असे की हाताचा कंप कमी करणारी यंत्रणा असलेली लेन्स घेतली म्हणजे रात्रीचे काम झाले, असा समज पसरला आहे. ती यंत्रणा छायाचित्रकाराचा हात स्थिर करते, गिरकी घेणाऱ्याला थांबवू शकत नाही. देवळाच्या गाभाऱ्यासाठी ती उपयोगी आहे, पण गरब्यासाठी प्रकाशच हवा.

५० मिमी घ्यावी की ३५, हा पुढचा प्रश्न. नवशिक्यांसाठीच्या स्वस्त डीएसएलआर कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो, त्यामुळे ५० मिमी लेन्समधून निकॉनवर ७५ मिमीइतके आणि कॅननवर ८० मिमीइतके अरुंद दृश्य दिसते. गरब्याच्या रिंगणाबाहेर उभे राहून एक चेहरा टिपायला हे उत्तम. मात्र दांडिया बाजारातील जुन्या वाड्याच्या माजघरात मंगळागौरीचे खेळ टिपायचे असतील तर मागे सरकता सरकता पाठ भिंतीला लागते आणि निम्म्या बायका चौकटीबाहेर राहतात. तेथे ३५ मिमीच हवी.

याचा निर्णय दुकानाच्या काउंटरवर करू नये, घरी आपल्याच जुन्या फोटोंपुढे बसून करावा. डिजिटल कॅमेऱ्याच्या प्रत्येक फाइलमध्ये फोटो किती मिमीवर काढला याची नोंद असते. गेल्या वर्षभरातले आपल्याला आवडलेले शंभर फोटो उघडून हे आकडे कागदावर मांडले की आपली नजर कोठे रमते ते आपोआप कळते. माझ्या भाचीला ५० मिमी घ्यायचीच होती. मोजल्यावर लक्षात आले की तिचे बहुतेक फोटो १८ ते २४ मिमीमधले आहेत, कारण तिला मांडवीच्या आसपासच्या पोळांतील, म्हणजे जुन्या गल्ल्यांतील, जुने दरवाजे आणि लाकडी कोरीवकाम टिपण्यात रस आहे. दिवसाच्या उजेडात एफ/८ वर किट लेन्स या कामाला पुरेशी रेखीव आहे. तिने लेन्स घेतलीच नाही. एक बरा ट्रायपॉड घेतला आणि कमानींखालच्या अंधाऱ्या जागांचे फोटो सावकाश काढू लागली.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी लिहितो, कारण तीच चूक आजही लोक करत आहेत. काही वर्षांपूर्वी मी माझ्या निकॉन कॅमेऱ्यासाठी एका दुकानातून ५० मिमीची लेन्स घेतली. “बसते ना?” असे विचारले, “बसते” असे उत्तर मिळाले, आणि ती बसलीही. घरी येऊन पाहतो तर ऑटोफोकस चालेना. दुकानाने लेन्स परत घ्यायला नकार दिला, कारण त्यांच्या मते लेन्समध्ये दोष नव्हता, आणि खरोखरच नव्हता. निकॉनची लेन्स बसवण्याची रचना, जिला माउंट म्हणतात, तीच १९५९ पासून चालत आलेली असल्याने बऱ्याच जुन्या लेन्स नव्या डीएसएलआर कॅमेऱ्यांवर बसतात. परंतु ज्या लेन्सच्या नावात एएफ-डी असते त्यांत फोकसची मोटर नसते. ती कॅमेऱ्याच्या बॉडीत असावी लागते, आणि डी३५०० किंवा डी५६०० यांसारख्या स्वस्त बॉडीत ती नाही. या कॅमेऱ्यांसाठी निकॉनची लेन्स घेताना नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असलेलीच मागावी. याच्या उलट, नावात एएफ-पी असलेल्या नव्या लेन्स डी९० किंवा डी७००० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर फोकस करत नाहीत. निकॉनच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) झेड कॅमेऱ्यावर निकॉनचाच अडॅप्टर, म्हणजे जोडकडे, लावून एएफ-डी लेन्स वापरली तरी फोकस हातानेच करावा लागतो. कॅननकडे ही भानगड कमी आहे, कारण १९८७ पासूनच्या त्यांच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्सच्या आतच असते.

म्हणून आपल्यामार्फत शहरातील विक्रेत्यांना माझी विनंती आहे की त्यांनी बिलावर ग्राहकाच्या कॅमेऱ्याचे मॉडेल लिहावे आणि त्यावर या लेन्सचा ऑटोफोकस चालेल की नाही, हे एका ओळीत नमूद करावे. या एका ओळीने कित्येकांचे पैसे वाचतील.

सध्या अनेक जण मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळत असल्याने डीएसएलआरच्या चांगल्या लेन्स सेकंड हँड बाजारात येत आहेत, आणि मर्यादित खिशाच्या माणसाने तेथेच आधी पाहावे असे माझे मत आहे. पण बडोद्यात जुनी लेन्स घेताना एक प्रश्न अवश्य विचारावा : २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा ही लेन्स कोठे होती? तळमजल्यावरच्या कपाटात ओल खाल्लेली लेन्स बाहेरून पुसून स्वच्छ दिसते, बुरशी आत असते. मोबाइलचा टॉर्च एका टोकाने तिरपा सोडून दुसऱ्या टोकाने पाहिले असता कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर कितीही स्वस्त असली तरी ती घेऊ नये. धुळीचे दोनचार कण दिसले तर घाबरू नये, त्यांनी फोटोत काही फरक पडत नाही. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडाही बहुधा दिसत नाही. मागच्या काचेवरचा मात्र त्रास देतो. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाचा डाग नसावा. शेवटी, आपल्या वृत्तपत्राचे एक पान भिंतीला सपाट चिकटवून, कॅमेरा त्याच्या अगदी समोर ठेवून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून फोटो काढावा. चारही कोपरे सारखेच थोडे अस्पष्ट आले तर ते त्या लेन्सचे स्वाभाविक रूप समजावे. एकच कोपरा धूसर आला तर ती लेन्स कधीतरी पडली असण्याची शक्यता मोठी, आणि आतील काचा जागेवरून हलल्या आहेत हे ओळखावे. विकणारा एवढी तपासणी करू देत नसेल तर सरळ परत फिरावे.

घेतलेली लेन्स जपायलाही फार खर्च नाही. झाकण घट्ट बसणारा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे एक छोटे यंत्र पुरते. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. चामड्याच्या पिशवीत पावसाळाभर लेन्स ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण.

पक्ष्यांविषयी थोडे. वढवाणा तलावावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, आणि तेथे जाणाऱ्यांना ७०-३०० मिमी किंवा कॅननवर ५५-२५० मिमी एवढ्या लेन्सवर सुरुवात करता येते, कारण सकाळच्या उन्हात एफ/५.६ पुरते. फुले आणि किडे जवळून टिपण्यासाठी वेगळी मॅक्रो लेन्स घेण्याआधी विद्युत संपर्क असलेल्या एक्स्टेन्शन ट्यूब वापरून पाहाव्यात. या नळ्यांत काच नसते, केवळ लेन्स आणि कॅमेरा यांतले अंतर वाढते, म्हणून त्या स्वस्त असतात.

आपल्या शहराला या विषयात मोठा वारसा आहे. देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी १९७० मध्ये काम थांबवले. त्यांची अखेरची वर्षे बडोद्यात गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि जानेवारी २०१२ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कॅमेऱ्यांपैकी रोलायफ्लेक्समध्ये लेन्स बदलण्याची सोयच नव्हती, झूम तर नव्हतेच. चौकट मोठी-लहान करायची तर पायांनी पुढे-मागे व्हावे लागे. ५० मिमीची एकच लेन्स हाती असलेल्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

या पत्राचा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून संस्थानात मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारले, आणि फिरत्या ग्रंथालयांमार्फत पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवल्या जात. पुस्तक विकत न घेता वाचता येते, तसे लेन्सही विकत न घेता आठवडाभर वापरता यायला हवी. महिन्यातून दोन दिवस लागणाऱ्या लेन्ससाठी कोणी कर्ज का काढावे? आपल्या मराठी मंडळांपैकी एखाद्याने पाचसहा लेन्सची पेटी, एक नोंदवही आणि परवडणारी अनामत एवढ्यावर ही सोय सुरू करावी, असे मी सुचवतो. जे मंडळ ही जबाबदारी घेईल त्याचे नाव आपण कृपया याच सदरात छापावे. माझी ३५ मिमी, ७०-३०० मिमी आणि मोटर नसलेली ती ५० मिमी, अशा तीन लेन्स मी घटस्थापनेपूर्वी त्या मंडळात पोचत्या करीन. ५० मिमीच्या डब्यावर, ती कोणत्या कॅमेऱ्यांवर हाताने फोकस करावी लागते त्यांची यादी मी चिकटवून ठेवली आहे.

आपला नम्र,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे