पहलगामनंतर शमुवेलला

नंदुरबार
२६ एप्रिल २०२५

प्रिय शमुवेल,
प्रभूमध्ये सलाम.

"आई, अशा दिवशी 'वैऱ्यांवर प्रीती करा' हे वचन वाचायचं तरी कसं?" असं तू फोनवर विचारलंस. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

काश्मीरात पहलगामला अतिरेक्यांनी २६ माणसं मारली. त्यांत महाराष्ट्रातली सहा, इंदूरचा एक ख्रिस्ती आणि पहलगामचाच एक मुसलमान घोडेवाला. तुला राग आला, यात काही चुकलं नाही. पवित्र शास्त्रात, इफिसकरांस पत्रात "तुम्ही रागावा, परंतु पाप करू नका" असंच आहे, आणि लगेच सूर्य मावळेपर्यंतची मुदत घातली आहे. म्हणजे रागाचं काय करायचं ते त्याच दिवशी ठरवायचं. तो आत दाबून ठेवला की दुसऱ्या दिवशी त्याचा द्वेष होतो, आणि द्वेषाला खरा गुन्हेगार लागत नाही, समोर येईल तो चालतो.

म्हणून संध्याकाळी खोलीचं दार लाव आणि स्तोत्र १३, मग १०, मग ९४ मोठ्याने वाच. तिन्ही मिळून दहा-बारा मिनिटं लागतात. मनातल्या मनात वाचू नकोस, आवाज निघू दे. "हे परमेश्वरा, कुठवर?" हे ओरडायचंच वाक्य आहे. स्तोत्र १३७ ची शेवटची ओळ वाचून तुला धक्का बसेल, शत्रूच्या बाळांना खडकावर आपटण्याची भाषा आहे तिथे. पवित्र शास्त्राने ती पुसली नाही. ज्याचं सगळं लुटलं गेलं त्याने ती देवाला सांगितली आहे, आणि देवाला सांगून तो थांबला आहे. ती ओळ हुकूम म्हणून वाचली की अनर्थ होतो, आणि लाज वाटून गाळली की मनातलं विष मनातच राहतं.

आता फोनचं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरतात ते बंद कर. मेलेल्या माणसाचा व्हिडिओ पाहून त्याच्या घरच्यांना काही मिळत नाही. तुझी झोप मात्र जाते आणि मारणाऱ्यांना हवी होती ती दहशत पसरते. मेसेजवर दोन बाण दिसले तर तो निदान पाच हातांतून फिरून आलेला असतो, आधी कुणी लिहिला ते कुणालाच ठाऊक नसतं. आपल्या शेजारी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी ठेचून मारलं. त्यामागे फोनवरून फिरलेली अफवाच होती. "आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको" ही आज्ञा फक्त कोर्टातल्या माणसासाठी नाही, बोटाने पुढे ढकललेल्या मेसेजलाही ती लागू आहे. मालेगाव धुळ्याहून किती लांब? २००६ च्या स्फोटांनंतर तिथल्या ज्या माणसांना पकडलं, त्यांना २०१६ मध्ये न्यायालयाने दोषमुक्त केलं. दहा वर्षं गेली त्यांची. एवढ्या मोठ्या यंत्रणेची चूक होते, मग हॉस्टेलच्या ग्रुपवर रात्री अकराला होणारा निवाडा कसा असेल?

क्षमेविषयी एक गोष्ट नीट समजून घे, इथे आपले लोक फार चुकतात. पहलगामच्या विधवांच्या वतीने तू क्षमा करू शकत नाहीस. तो हक्क तुझा नाही. चर्चमधून दुसऱ्याच दिवशी "आम्ही क्षमा केली" असं कुणी म्हणालं, तर ज्यांचं माणूस गेलं त्यांना ते मिठासारखं झोंबतं. तुझ्या हातात आहे ते द्वेष न करणं. ग्लॅडिस स्टेन्स यांना तो हक्क होता. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि १० व ६ वर्षांची दोन मुलं गाडीत जाळली गेली. त्यांनी क्षमा केली आणि बारीपदाच्या कुष्ठरोग्यांचं काम सोडलं नाही. पण खटला चालला, शिक्षा झाली. श्रीलंकेतही तसंच. २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टरला तीन चर्चमध्ये आणि हॉटेलांमध्ये स्फोट झाले, अडीचशेहून जास्त माणसं गेली. कोलंबोचे कार्डिनल रंजित यांनी वर्षभराने हल्लेखोरांना क्षमा केल्याचं सांगितलं, आणि चौकशीची मागणी मात्र कधीच सोडली नाही. सूड आपल्याकडे नाही असं रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात आहे, आणि १३ व्यात लगेच अधिकाऱ्याच्या हातातली तलवार आहे. दोन्ही अध्याय एका बैठकीत वाच. एकटा १२ वा वाचला की माणूस भाबडा होतो, एकटा १३ वा वाचला की कठोर.

मारणाऱ्यांसाठी प्रार्थना करायची ती सगळ्यांत शेवटी. आधी मेलेल्यांच्या घरच्यांसाठी, मग जखमी, डॉक्टर, जवान. सुरुवातच हल्लेखोरांपासून केली की शब्द खोटे वाटतात आणि माणूस प्रार्थनाच सोडून देतो. त्यांच्यासाठी गोड काही मागायची गरज नाही. त्यांचा हात थांबो, ते पकडले जावोत आणि ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या शौलाची वाट बदलली तशी त्यांचीही बदलो, एवढं माग. तीन वाक्यं पुरेत.

तुझ्या खोलीतल्या इम्रानबद्दल. "तुझा वैरी भुकेला असेल तर त्याला खायला घाल" हे वचन त्याला लावू नकोस, तो तुझा वैरी नाही. त्याला निषेध करायलाही लावू नकोस. तुला कुणी दुसऱ्या ख्रिस्ती माणसाच्या गुन्ह्याचा जाब विचारला तर कसं वाटेल? हे आठवडाभर त्याच्याबरोबर मेसला जा, रात्री त्याला एकट्याला बाहेर जाऊ देऊ नकोस. कुणी टोमणा मारला तर वाद घालू नकोस, फक्त त्याच्या शेजारची जागा सोडू नकोस.

आणि रक्त द्यायचं मनात असेल तर आत्ता गर्दीत जाऊ नकोस. अशा वेळी सगळे एकदम धावतात, आणि लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. जूनमध्ये पिशव्या कमी पडतात तेव्हा जा. वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन १२.५ लागतं, वजनानुसार ३५० किंवा ४५० मिली घेतात, पुढचं दान तीन महिन्यांनी. उपाशीपोटी जाऊ नकोस. ते रक्त काश्मीरला जाणार नाही, पुण्यातल्याच कुणाला चढेल, आणि तो कोण हे तुला कळणार नाही.

बिबडे आणि कळण्याचं पीठ पाठवते आहे, दोघांपुरतं. बिबडे मंद आचेवर भाज, लगेच करपतात.

तुझी,
आई