डबा बाजूला ठेवणाऱ्या ताईंचे आभार

आंबोली घाटात झाड आडवं पडलं, रस्ता तुंबला आणि कोल्हापूरला पोहोचेपर्यंत लेकाच्या स्पीच थेरपीची वेळ टळून गेली. तीन वर्षांचं पोर, तेव्हा अजून बोलत नव्हतं. भुकेनं, थकव्यानं नुसतं रडत होतं. जेवायला निघालेल्या तिथल्या एका शिकाऊ थेरपिस्ट ताईंनी हातातला डबा परत ठेवला. "या, बसूया थोडा वेळ."

त्या थेट फरशीवर बसल्या. साबणाचे फुगे उडवले, झाकण घट्ट लावलं आणि बाटली त्याच्या हातात दिली. 'म्हण बघू' एकदाही नाही. त्यानं बाटली पुढे केली की त्या "उघड" एवढंच म्हणायच्या आणि उघडायच्या. मग लाकडी गाडी उतारावर धरून "एक, दोन, तीन..." आणि थांबायचं. त्याच्या चेहऱ्याकडे बघत, अजिबात घाई न करता. इतका धीर मी कुणात पाहिला नव्हता. अखेर त्यानं ओठ मिटून "प्प" केलं, ताई "पळ!" म्हणाल्या आणि गाडी सुटली.

घरी वाटी-चमच्यानं, झाकणाच्या डब्यानंही असंच खेळा, हे त्यांनी माझ्या सासूबाईंना मालवणीत समजावलं. ताई, तुमचं नाव माहीत नाही. तो आता "पळ" म्हणतो, "दे"ही म्हणतो. तुमचे मनापासून आभार.