पावरलूमच्या शेडमधली खानावळ

प्रिय सच्या,

काय बे, कसा हायस? फोनवर शेडबद्दल अर्धवटच बोलणं झालं, म्हणून सगळं लिहून पाठवतोय, निवांत वाच. अशोक चौकाकडचं काकाचं पावरलूमचं शेड, माग कधीच विकलेत, ते आम्ही खानावळीसाठी घेतलंय. २० बाय ४० फूट, खाली शहाबादी फरशी, वर पत्रा. कडक भाकरी, गरम भाकरी, शेंगाचटणी, आमटी, एक भाजी, एवढंच ठेवणार. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आधी सुरू करायचंय आणि हातात पैसे लई नाहीत.

जो तो म्हणतोय फॅमिली रूम काढ, पडदे लाव. मला ते अजिबात पटत नाही. बंद खोली म्हणजे प्रत्येक खोलीला वेगळा पंखा, वेगळा दिवा, प्लायवूडचा खर्च, आणि मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की पत्र्याखाली त्या खोलीत कोण बसणार? वाढप्याला आत काय संपलंय ते दिसत नाही ते वेगळंच. बायकांना घेऊन आलेल्या माणसाला खोली नको असते रे, आडोसा हवा असतो.

मग मी आईला आणि मावशीला शेडमध्ये नेलं, खुर्च्यांवर बसवलं, समोर दोरी बांधून त्यावर चादर टाकली. साडेतीन फुटांवर दोरी होती तोवर मावशीचा हात पदरावरच, सारखी दाराकडं बघत होती. दोरी साडेचार फुटांवर नेली तशी ती मागं टेकली आणि आईशी लग्नाचं बोलायला लागली! बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर असतात, त्यामुळं साडेचार फुटांत शेजारच्या टेबलाची नजर अडते, पण उभा वाढपी वरून बघू शकतो आणि पंख्याचं वारंही फिरतं. खाली ९ इंच मोकळं सोडणार, झाडू जायला. आडोसा आपल्या सोलापुरी चादरींचाच, लोखंडी पाइपच्या फ्रेमवर ताणून. जाड सुती कापड असल्यामुळं पत्र्याखाली जो आवाज घुमतो तोही थोडा दबतो, आणि मळली की काढून धुता येते. जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्राची, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, दोऱ्यात ओवलेली असतात बघ, ती भंगारात मिळतायत, त्याची जाळी लई भारी दिसते, पण तेलकट धुरात टिकणार नाही म्हणून ती फक्त दाराजवळ.

आता लांब टेबलाचं. एमआयडीसीतली पोरं, ड्रायव्हर, परगावचे विद्यार्थी एकेकटे येतात आणि एकटा माणूस चौघांचं टेबल अडवून बसला की आपल्यालाही जड जातं आणि त्यालाही अवघडल्यासारखं होतं. त्यांच्यासाठी भट्टीसमोर ८ फुटी टेबल, माणशी २ फूट म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून आठ जण. बाकडी मात्र सलग ८ फुटी नकोत, ४-४ फुटांची दोन, म्हणजे कुणालाच उठताना दोघांना उठवायला लागत नाही. टेबलाची रुंदी ३ फूट, मधोमध चटणीचे डबे आणि पाण्याचे जग, अनोळखी माणसाच्या ताटात नजर जात नाही. समोर भाकरी थापताना दिसत्या, एकट्याला बघायला तेवढं पुरतं.

दिव्यांवर मात्र मी पैसे घालणार. आडोशाच्या टेबलांवर पिवळा दिवा ताटापासून अडीच फुटांवर, स्वतःचं ताट उजेडात आणि शेजारचा सावलीत, लांब टेबलावर भरपूर पांढरा उजेड.

एकच अडलंय. बेसिन मागं आहे, म्हणजे हात धुवायला प्रत्येक जण फॅमिलीच्या टेबलांना घासून जाणार आणि सगळा आडोसा वाया. पुढं आणायचं तर पाइप शेडभर फिरवून फरशी फोडायला लागते, प्लंबरनं सांगितलेला आकडा झेपत नाही. भिंतीच्या कडेनं ३ फुटांचा बोळ सोडला तर दोन टेबलं जातात. तू काय म्हणतोस? रविवारी ये की, टेप आण, जेवायला घरीच.

तुझा,
बंड्या